भरलेल्या पोटऱ्या

माणिक जमिनीवरून उठला, एवढंच झालं. सरजाचा हा चार वर्षांचा मुलगा आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात शहाबादी फरशीवर बसून सोड्याच्या बाटल्यांची बुचं एका रांगेत लावत होता. आतून माझ्या बायकोनं चुरमुऱ्यांच्या सुशीलाची ताटली दाखवून हाक मारली आणि तो उठायला लागला. मुलं उठतात तसा उठला असता तर माझ्या ते ध्यानातही आलं नसतं. तो आधी पालथा झाला, दोन्ही हात फरशीला टेकले, कंबर वर उचलली, मग एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर, आणि आपल्याच मांड्यांवरून हातांनी चढत चढत वर येऊन सरळ उभा राहिला. सगळं मिळून तीन-चार सेकंद लागले असतील. उभा राहून तो हसला आणि फेंगडा चालत आत गेला. माझ्या हातातला चहा हिंदकळला नाही. नंतर मी त्याबद्दल स्वतःला पुष्कळ शिव्या घातल्या, की निदान चहा तरी सांडायचा होता. पण मी बशीत ओतला, फुंकर घातली आणि प्यालो, कारण रविवारी सकाळी नऊ वाजता मी चहा पितो.

सरजा माझी भाची, म्हणजे अक्काची मुलगी. अक्का माझी थोरली बहीण मनकर्णा. सरजाचा नवरा दत्तराव येलदरीला वीजघरात ऑपरेटर आहे. त्याच्या कुणा साहेबाला परभणीत रविवारी घरीच गाठायचं होतं म्हणून तिघं पहाटेच्या एसटीनं निघाली होती. सरजाला आणि माणिकला आमच्याकडे सोडून तो बारापर्यंत येतो म्हणून गेला. सरजाला पाचवा महिना चालू होता. आल्या आल्या तिनं माणिकला पाठमोरा उभा करून त्याची चड्डी वर सरकवली आणि जरा मोठ्यानंच म्हणाली, "मामा, पोटऱ्या बगा पोराच्या. कशा भरल्यात. दत्तराव म्हणतेत पैलवान होतंय." माझ्या बायकोनं त्या दाबून पाहिल्या आणि दृष्ट काढायला पाहिजे म्हणाली. मग मीही हात लावला. कच्च्या पेरूसारख्या टणक होत्या. आतलं मांस झिजत जातं आणि त्याच्या जागी चरबी आणि दोरे भरत जातात, म्हणून त्या तशा लागतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटावं की पोरगं दूधतुपावर वाढलंय. मी "छान आहेत" म्हणालो. मी जनावरांचं अनुवंशशास्त्र शिकवतो. पंधरा वर्षं इथल्या कॉलेजात फळ्यावर गाईबैलांच्या वंशावळी काढल्यात आणि दर उन्हाळ्यात शेतकऱ्यांना शहाणपण सांगत खेडोपाडी हिंडलोय.

अशाच पोटऱ्या पंडितच्या होत्या. पंडित म्हणजे सरजाचा धाकटा भाऊ, तिच्याहून एका वर्षानं लहान. ताडकळसच्या पुढं सहा किलोमीटरवर अक्काचं गाव. तिथं ओसरीवर कुणी पाहुणा टेकला की अक्काचा नवरा आबासाहेब त्या पोराला पाठमोरा उभा करायचा, आणि पाच वर्षांच्या पोरासाठी त्यानं पाथरीहून लाल लंगोट शिवून आणला होता. तो असाच मांड्यांवर हात देत उठायचा तेव्हा आम्ही सगळे हसायचो आणि त्याला आजोबा म्हणायचो. मीसुद्धा म्हणायचो. आठव्या वर्षी तो भिंत धरून चालायला लागला, अकराव्या वर्षी चालणं संपलं. मग सरजा त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत न्यायची, मागच्या दारी न्यायची, संध्याकाळी पारापर्यंत न्यायची. बारा वर्षांची पोरगी अकरा वर्षांचं पोरगं घेऊन चालायची. पुढे तो नुसता पाठीचा बाक घेऊन गादीवर राहिला, आणि अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात त्याची छाती कफानं भरली. तेव्हा विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला होता, गाड्या बंद होत्या, औरंगाबादला न्यायचं कसं हा प्रश्नच होता. त्या संध्याकाळी गावाच्या खालच्या अंगाला धूर दिसत होता. आमचीच माणसं तिकडं गेली होती. ती परत आली, हातपाय धुतले आणि पंडितच्या उशाशी येऊन बसली, आणि आपलं रक्त, त्यांचं रक्त असं हळू आवाजात बोलत राहिली. मी एमएस्सी झालेला माणूस त्यांच्यात बसून होतो. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण त्यांच्यातले निम्मे माझे मामे आणि काके होते. पंडित पहाटेच्या आधी गेला. तेरावा झाल्यावर त्याच माणसांनी ठरवलं की रक्त फार जवळचं झालं म्हणून हे झालं.

त्याला तसं कारण होतं. आमच्याकडे भाचीवर पहिला हक्क मामाचा. आबासाहेब हा माझ्या आईचा धाकटा भाऊ, म्हणजे अक्काचाही सख्खा मामा, आणि तोच तिचा नवरा. सरजा जन्मली तेव्हा बारशाला माझी आई कडूबाई खण आणि हिरव्या बांगड्या घेऊन गेली आणि पाळण्यात घालताना चारचौघींत म्हणाली की ही आमच्या दिनकरची. मी तेरा वर्षांचा होतो आणि लाजेनं माळवदावर जाऊन बसलो होतो. पुढे सतरा वर्षं त्या घरात मी गेलो की सरजाला कुणीतरी आत पिटाळायचं. पंडित गेल्यावर चार महिन्यांनी माझ्या लग्नाचा विषय निघाला आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, कारण घरात शिकलेला मीच. मी उभा राहून बोललो. बसूनही बोलता आलं असतं. म्हणालो, आम्ही शेतकऱ्याला सांगतो की तीन वर्षांनी वळू बदला, बापाची कालवड बापाला दाखवू नका, नाहीतर वासरं अधू निघतात. माणसाचंही तेच आहे. सरजाला बाहेर द्या, दूर द्या, रक्त बदला. आबासाहेबानं मान हलवली, अक्का पदर तोंडाला लावून रडली. दाराआड चौकटीवर सरजाची बोटं दिसत होती. बोलताना मला खरोखर वाटत होतं की मी या पोरीला वाचवतोय. औरंगाबादला एका मास्तरीणबाईंशी माझं तोवर ठरत आलं होतं, हे मात्र मी तिथं सांगितलं नाही. शास्त्र माझ्या सोयीचं निघालं आणि सोयीचं निघालेलं शास्त्र मी पुन्हा तपासलं नाही.

तपासायला काही लागत नव्हतं. मी ते दरवर्षी शिकवत होतो. जुलैत पहिल्या तासाला मी पोरांना विचारायचो की काळे, तांबडे आणि पांढरे ठिपके असलेलं मांजर बोका का नसतं. पोरं हसायची. मग मी सांगायचो की मादीकडे एक्स नावाच्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात आणि नराकडे एकच. मादीला दोन्ही लागत नाहीत, म्हणून आईच्या पोटात असतानाच, अगदी पहिल्या काही दिवसांत, तिच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक प्रत निजते. कुठली निजायची ते कुणी ठरवत नाही. पण एकदा निजली की त्या पेशीच्या सगळ्या लेकीबाळींत तीच निजलेली राहते. म्हणून मांजरीच्या अंगावर इथं तांबडा ठिपका आणि तिथं काळा. आणि म्हणूनच, मी पुढे सांगायचो, एका प्रतीत दोष असला तरी मादी चांगली राहते, निम्म्या पेशी दुसरीवर निभावून नेतात. मुलाला मात्र आईकडून एकच प्रत मिळते. दोषाची आली तर त्याच्याकडे दुसरी नसते. हे खडूनं लिहून मी पुसायचो आणि हात झटकायचो. पंडितचा आजार याच जातीचा हे पुस्तकात त्याच प्रकरणात, चार पानं पुढे होतं. त्यात मामा-भाचीचा काही संबंध नव्हता. आबासाहेब धडधाकट, म्हणजे त्याची प्रत चांगली. अक्कानं चीनमधला नवरा केला असता तरी पंडित असाच झाला असता. माझ्या आईचं नाव कडू का, तर तिच्या आधी झालेले दोन भाऊ पायानं अधू होऊन गेले आणि हिला तरी कुणाची नजर लागू नये म्हणून. आजीनं हे मला पन्नास वेळा सांगितलं होतं. मी त्याची वंशावळ मांडली नाही, कारण ती माझी आजी होती आणि वंशावळी जनावरांच्या असतात.

मांडली ती ब्याऐंशी साली. परीक्षेचे पेपर तपासताना कंटाळलो म्हणून एका कोऱ्या कागदावर चौकोन आणि गोल काढत बसलो, मुलगे चौकोन आणि मुली गोल. आजी, आई, अक्का, सरजा अशी सरळ रेघ खाली आली, आणि आजूबाजूचे चौकोन मी पेन्सिलीनं काळे करत गेलो. दोन चौकोन कोरे राहिले, एक आबासाहेबाचा आणि एक माझा. अक्का आणि मी एकाच आईच्या पोटचे, आठ आणे चांगलं आठ आणे वाईट, आणि माझ्या वाट्याला चांगलं आलं. माझ्या दोन्ही मुलींना माझ्याकडून चांगलीच प्रत गेली आहे, त्यांच्या मुलांना कधी काही होणार नाही. सरजाच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. तिच्याकडे ती प्रत आली असेल किंवा नसेल, तेही आठ आणेच. रक्तातलं एक द्रव्य मोजून अंदाज घेता येतो, पुण्यामुंबईला रक्त पाठवता आलं असतं. मी कागद फाडला. येलदरीला पत्र लिहायला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा खुशालीच्या पुढे गेलो नाही. मुलगी होईल म्हणालो, नाहीतर तिच्याकडे आलंच नसेल म्हणालो. माणिक झाला तेव्हा चांदीचे वाळे घेऊन गेलो आणि त्याचे पाय हलवून पाहिले. महिन्याच्या पोराचे पाय सगळ्यांचे सारखेच असतात. मला ते ठाऊक होतं, तरी मला बरं वाटलं.

आणि गेल्या वर्षी कॉलेजच्या लायब्ररीत एक परदेशी अंक आला. या आजाराचं मूळ सापडलं होतं. एक्सच्या आखूड बाजूवरचा हा जनुक, आजवर सापडलेल्यांत सगळ्यात लांब, वीस लाखांच्या घरात अक्षरं. त्यातली बहुतेक निरर्थक. कामाचे तुकडे छोटे छोटे, मधे मैलोगणती रान पसरावं तसं न वाचायचं लिखाण, आणि पेशी ते रान कापून टाकून तुकडे जोडून घेते. एक तुकडा हरवला तरी पुढचं सगळं वाचायचं बिघडू शकतं. वाचताना मला आनंद झाला हे सांगितलं पाहिजे. खरा आनंद, पोरासारखा. मी वर्गात धावत गेलो आणि पाऊण तास त्यावर बोललो, पोरांनी बाक वाजवले. घरी जाताना रेल्वे फाटकापाशी सायकल थांबली तेव्हा सरजाची आठवण झाली. फाटक उघडलं, मागच्यांनी घंटा वाजवली आणि मी पुढे निघालो.

हे सगळं चहा संपेपर्यंत माझ्या डोक्यातून गेलं. बशी खाली ठेवली तेव्हा व्हरांड्यात सरजा आणि मी दोघंच होतो. आत बायको माणिकला घास भरवत होती, त्याचं हसणं ऐकू येत होतं. सरजा भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती आणि स्वतःच्या पोटऱ्या दाबत होती. अलीकडे वीजघराच्या वसाहतीतल्या पायऱ्या चढल्या की माझेही पाय भरून येतात, असं तिनं मघाशी बायकोला सांगितलं होतं. दिवस गेल्यावर होतं तसं, अशी बायकोनं समजूत घातली. मला तिच्या कातडीखाली तांबडे-काळे ठिपके दिसायला लागले. मी तुळशीकडे बघितलं.

"तुमी बगितलं न्हवं?" सरजा हळूच म्हणाली. "कसा उठला ते."

तिला दिसणार नाही असं मी कसं धरून चाललो होतो कोण जाणे. पंडितला तीन वर्षं पाठीवर वाहणारी पोरगी ती. तिनं सांगितलं की दिवाळीपासून ती हे बघतेय. घरात कुणाच्या ध्यानात आलेलं नाही, सासू धुरपताबाई पोराला आळशी म्हणते, दत्तराव पैलवान म्हणतो, आणि ती दोघांनाही हो म्हणते. साहेबाच्या कामाचं कळल्यावर तिनंच दत्तरावाला आम्हाला घेऊन चला म्हणून गळ घातली होती. मघाशी मोठ्यानं पोटऱ्यांचं कौतुक केलं तेव्हा तिला वाटलं होतं की मामा बघतील, हसतील आणि म्हणतील की वेडे, तसं काही नाही. मी छान आहेत म्हणालो तेव्हा क्षणभर तिला खरंच वाटलं. मग तिनं माझं तोंड पाहिलं.

"पण आपण तर रक्त बदललं होतं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिनं मला खरोखर विचारलं होतं, औषध वेळेवर घेऊनही ताप का उतरला नाही असं विचारावं तसं.

मी सांगितलं. वर्गात मला पाऊण तास लागतो, इथं चार वाक्यं लागली. रक्ताचं ते नव्हतंच. आईकडून येतं. आईला काही होत नाही, मुलींना होत नाही, मुलांना होतं. तुझ्या आईकडून तुला आलं आणि तुझ्याकडून, म्हणालो आणि थांबलो.

"माज्याकडून माणिकला," तिनं वाक्य पुरं केलं. मग फरशीवरचं एक कलंडलेलं बूच तिनं बोटानं रांगेत सरकवलं. "मंग तुमच्याशी झालं असतं तरी?"

"तरी हेच."

तिनं मान हलवली. मला वाटलं, आता रडेल, आणि रडावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे मला काहीतरी करता आलं असतं. पण तिनं शांतपणे विचारलं, "तवा तुमाला ठावं न्हवतं?"

"तेव्हा ध्यानात आलं नाही."

"मंग कवा आलं?"

खोटं बोलायला मला पुरेसा वेळ होता. "ब्याऐंशीला," मी म्हणालो.

तिनं बोटांवर काही मोजलं नाही. "माणिक चौऱ्याऐंशीचा," एवढंच म्हणाली. आपल्याला कुणी मारावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ती पदरानं हात पुसत बसली होती, हात कोरडे होते तरी पुसत होती. मी बोलायचं म्हणून बोललो, की पोटातलं मूल मुलगी असेल तर प्रश्न नाही, मुलगा असला तरी आठ आणे. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. आत माणिक कशाला तरी हटून बसला होता.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "रक्त जवळचं म्हणून झालं म्हणलं की ते दोघांचं असतंय. नवऱ्याचं बी आन् बायकोचं बी. तुमी म्हणता तसं असलं तर निस्तं बाईचं होतंय." तिनं आत एकदा बघून घेतलं. "आईला हे सांगू नका. ती अजून पंडितच्या नावानं आबाला बोलती, तेवढं तिला बरं हाय. आन् यांला बी सांगू नका. सासू दुसरी सून बगायला आठ दिवस लावायची न्हाई. मला बाळंत होऊ द्या. कुटं जाऊ मी असल्या पायाचं पोरगं घेऊन आन् हे पोटात घेऊन? तवर कायतरी सांगा तुमी. तुमचं सगळे ऐकतेत."

माझं सगळे ऐकतात हे खरं होतं. दहा वर्षांपूर्वी ऐकलं होतं, आताही ऐकतील. आमच्या घरी ये असं मला म्हणता आलं असतं. ते वाक्य माझ्या मनात आलं, त्याच्या मागोमाग दोन खोल्यांचं क्वार्टर आलं, बायकोचं तोंड आलं, मुलींच्या परीक्षा आल्या, आणि ते वाक्य गेलं. सरजानं वाट पाहिली का ते मला ठाऊक नाही. काय सांगू, मी विचारलं. तिनं ते आधीच ठरवलेलं होतं. कॅल्शियम कमी हाय म्हणा, ती म्हणाली, शेजारच्या पोराला डॉक्टरनं तसंच सांगितलं होतं.

दत्तराव साडेअकरालाच आला. पिशवीत आमच्यासाठी पेरू आणि माझ्या मुलींसाठी गोळ्या. साधा माणूस आहे. खुर्चीच्या कडेवर बसतो, माझ्यासमोर कधी पाठ टेकत नाही. साहेब भेटला नाही, पण त्याचं काही नाही म्हणाला. मग चपलांकडे बघत म्हणाला, "मामा, पोरगं जरा पडतंय मधूनमधून. ही म्हणली तुमाला दावावं. तुमी त्यातले शिकलेले." मी माणिकला जवळ बोलावलं, त्याचे गुडघे वाकवून पाहिले, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, जे करायचं काहीच कारण नव्हतं. कॅल्शियम कमी आहे म्हणालो. एका कागदावर औषधाचं नाव लिहिलं, दोन चमचे सकाळी, दोन चमचे संध्याकाळी. अक्षर माझं चांगलं आहे. किती दिवस द्यायचं म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा मी मनात बाळंतपणाचा महिना धरून चार-पाच महिने म्हणालो. त्यानं कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाची गुंडी लावली.

"म्हंजे काळजीचं न्हाई," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. बायकोनं सरजाला कुंकू लावलं, ओटी भरली. मी फाटकापर्यंत गेलो. सरजा खाली वाकून माणिकच्या कानटोपीचे बंद बांधत होती, आणि ते बांधून झाले तरी ती वर बघेना. दत्तरावानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आता औंदा बी पोरगंच होऊ द्या बगा मामा," तो हसत म्हणाला, "ह्याला जोडीदार होईल." आणि तो माझ्याकडे बघत थांबला, मी शिकलेला, माझ्या तोंडून ऐकावं म्हणून.

मी म्हणालो, "होईल."